मदत हवी आहे : शेतकऱ्यांवरचे असे रॉक अल्बम अजून कोणते?

राजेहो, भाच्यानं मोबाईलमधे जॉन मेलनकॅम्पचा १९८५ चा स्केअरक्रो अल्बम टाकून देला, अमेरिकेतल्या इंडियाना राज्याचा गायक आहे हा, अन् डवरणी करता करता हेडफोनवर लावला तर पहिलंच गाणं कर्जापायी हातची जाणाऱ्या शेतीवर, ड्रम असे दणादण की मी तासातच डवरं थांबवून उभा राह्यलो. मंग वाचलं का त्याच साली सप्टेंबरात यानं, विली नेल्सन अन् नील यंग या तिकडच्याच गायकांसंगं इलिनॉय राज्यामधे शेतकऱ्यांसाठी फार्म एड नावाची मोठी कॉन्सर्ट केली. म्हणजे तिकडंबी बँकवाले तसेच. मधली एकदोन गाणी मले सपक वाटली, पण ते असो.

तर विचारायचं हे का गाण्याचे बोल अर्थासकट मराठीत कुठं भेटतील का, कारण तो भसाभसा गाते अन् माह्यं इंग्रजी बेताचंच, अन् बाबालेबी समजून सांगायचं आहे, ते खंजिरी भजनावाले, गिटार म्हटलं का कटकट. असे गावाकडचे, गिटारवाले, सरकारले जाब विचारणारे अजून अल्बम असतील तर नावं टाका ना भाऊ. मराठीत कोणी कपाशीवर असं केलं असंल तर आधी तेच सांगा. लिंक टाकली तरी चालते, फक्त इकडं रेंज रातीच येते.