परदेशातून आलेला लॉक फोन : तुमचे अनुभव सांगा

काल कपाट आवरताना बाबांचा आयफोन ३जीएस हाती लागला आणि सगळे पुन्हा आठवले. तिथल्या मोबाइल कंपनीशी असलेला दोन वर्षांचा करार संपल्यावर भावाने तो २०११च्या दिवाळीत न्यू जर्सीहून बाबांसाठी पाठवला होता. पण तो लॉक होता, म्हणजे फक्त त्याच कंपनीच्या सिमवर चालणारा. आमचे सिम घातले की फोन ते स्वीकारतच नसे, आणि करार पुरा झालेला असूनही तिथली कंपनी आयफोन खुला करून देत नव्हती. भावाला वाईट वाटेल म्हणून बाबांनी त्याला काहीच कळवले नाही. फोन रुमालात गुंडाळून ठेवला आणि दर रविवारी चार्ज मात्र केला. एप्रिल २०१२मध्ये कंपनीने करार संपलेले आयफोन खुले करायला सुरुवात केली, तेव्हा भावाने अर्ज केला. आम्ही फोन संगणकाला जोडून रिस्टोअर केला, म्हणजे सगळे पुसून नव्याने सुरू केला, आणि पडद्यावर अभिनंदनाचा संदेश आला. बाबांनी पहिला फोन त्यालाच लावला. तुमच्याकडे असे काही घडले आहे का?

टोरांटोकर : मी २०१७च्या सप्टेंबरमध्ये ५० डॉलर भरून फोन खुला करून घेतला आणि १ डिसेंबरपासून कॅनडात हे शुल्क घेण्यावरच बंदी आली. आईच्या आजारपणामुळे मला तातडीने सांगलीला यायचे होते, त्यामुळे थांबणे शक्यच नव्हते. स्वतःच्या पैशाने फेडलेल्या फोनसाठी पुन्हा पैसे मोजावे लागले, याचा राग अजून गेलेला नाही.

पुणेकर मावशी : आमचा अँड्रॉइड खुला करायला कोड हवा होता. *#०६# दाबून १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढला आणि दुकानदाराला दिला. त्याने अंदाजाने एकामागून एक कोड टाकले, प्रयत्नांची मर्यादा संपली आणि त्यानंतर खरा कोड मिळूनही फोनने तो घेतला नाही. तो कोड मूळ कंपनीकडूनच मागवावा, हे कळकळीने सांगते.

वऱ्हाडी : २००३ साली ५०१ रुपये भरून घेतलेला सीडीएमए (मोबाइलचे एक जुने तंत्र) फोन आठवला. त्यात सिमच नव्हते, नंबर थेट हँडसेटमध्येच भरलेला असे. त्यामुळे दुसरी कंपनी हवी तर फोनही दुसराच घ्यावा लागे. तरीही घरातला पहिला मोबाइल म्हणून आजीने त्याला हळदकुंकू वाहिले होते.

मिरजेची : मावशी, फार वाईट झाले. माझी मुलगी पुढच्या आठवड्यात लेस्टरहून येते आहे, ती वडिलांसाठी तिचा २०२०चा आयफोन आणणार आहे. तो चालेल ना?

टोरांटोकर : ब्रिटनमध्ये लॉक केलेले फोन विकण्यावर बंदी आली ती डिसेंबर २०२१मध्ये, म्हणजे तिचा फोन त्याआधीचा आहे आणि लॉक असू शकतो. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडून खाली 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिले आहे का, ते तिला पाहायला सांगा. तसे नसेल तर तिथे असतानाच अर्ज करू द्या, कारण इथून त्या कंपनीशी बोलणे फार जिकिरीचे होते.

मिरजेची : तिला आत्ताच कळवते.