टोनी ॲडम्स : निष्ठा की खेळ?

प्रश्न : १९८३ ते २००२ अशी संपूर्ण कारकीर्द आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबमध्ये घालवणाऱ्या ॲडम्स यांचे मोठेपण केवळ निष्ठेत मानावे का?

प्रतिसाद १ : नाही. २१व्या वर्षी कर्णधार झालेल्या या बचावपटूने तीन वेगवेगळ्या दशकांत संघाला इंग्लंडची अव्वल लीग जिंकून दिली. डिक्सन, बोल्ड, विंटरबर्न या सहबचावपटूंसह एका रेषेत पुढे सरकत, हात उंचावून ऑफसाइडची (आक्रमक खेळाडू बचावरेषेच्या पुढे असल्याची) दाद मागणारे ॲडम्स प्रतिस्पर्ध्यांना नकोसे होत.

प्रतिसाद २ : सहमत, मात्र १९९६मध्ये त्यांनी मद्यासक्तीची जाहीर कबुली दिली आणि त्याच सुमारास आलेले प्रशिक्षक वेंगर यांनी आहार-सरावाला शिस्त लावली, हेही ध्यानात घ्यावे. मे १९९८मध्ये एव्हर्टनविरुद्ध बोल्ड यांच्या पासवर त्यांनी डाव्या पायाने केलेला गोल जरूर पाहावा. (दोन्ही मध्यबचावपटू विरोधी गोलसमोर काय करत होते, हे विचारू नये!)