टर्मिनलवरून सी कंपाईल करायला सुरुवात कशी करावी?

नवा_कर्सर:
आजवर आयडीईतलं (कोड लिहायच्या-चालवायच्या ॲपमधलं) 'रन' बटण दाबलं की काम व्हायचं. आता लिनक्सवर टर्मिनलमधूनच सी लिहायचं ठरवलंय. कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा) म्हणून जीसीसी घेऊ की क्लँग? मेकफाईल ('मेक' या साधनाला कंपाईल कसं करायचं ते सांगणारी फाईल) आत्ताच शिकावी का? आणि एक कोडं: वर्गमूळ काढताना एसक्यूआरटी फंक्शनला २.० हा आकडा थेट दिला तर प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो. तोच आकडा स्कॅनएफने कीबोर्डवरून घेतला की 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही एरर. मॅथ.एच ही हेडर फाईल तर वर लिहिलेली आहे!

अर्धविराम:
डिस्ट्रोबरोबर (तुमच्या लिनक्सच्या प्रकाराबरोबर) जीसीसी असेल तर तोच वापरा. क्लँगही उत्तम आहे आणि रोजचे बरेचसे फ्लॅग (कमांडला '-' लावून दिलेले पर्याय) दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे यावर डोकं खपवू नका. ही ओळ मात्र हाताला बसू द्या:

जीसीसी -डब्ल्यूऑल -डब्ल्यूएक्स्ट्रा -जी मूळ.सी -ओ मूळ

नावात 'ऑल' असलं तरी पहिल्या फ्लॅगने सगळ्या वॉर्निंग येत नाहीत, म्हणून दुसरा. '-जी' डीबगरसाठी, म्हणजे चुका शोधायच्या साधनासाठी. लहान ओ म्हणजे आउटपुटचं नाव. ते दिलं नाही तर ए.आउट तयार होते. मोठा ओ म्हणजे ऑप्टिमायझेशन, तो सध्या नको.

दुवा_जोडा:
कोड्याबद्दल. हेडर फक्त एवढंच सांगते की असं फंक्शन कुठेतरी आहे. त्याचा खरा कोड गणिताच्या वेगळ्या लायब्ररीत असतो आणि तो जोडणं हे लिंकरचं काम. म्हणून ओळीच्या शेवटी '-एलएम' लावा. शेवटीच! लिंकर डावीकडून उजवीकडे जातो. लायब्ररी आधी आली तर तेव्हा ती कुणालाच नको असते, आणि काही सिस्टिमवर तीच एरर पुन्हा येते.
थेट २.० दिल्यावर चालतं, कारण जीसीसी ते वर्गमूळ कंपाईल करतानाच काढून मोकळा होतो. फंक्शनला हाक मारायची वेळच येत नाही.
एररमध्ये ओळ क्रमांक आणि 'एक्सपेक्टेड' वगैरे दिसलं तर कंपायलरची तक्रार, 'अनडिफाइन्ड रेफरन्स' दिसलं तर लिंकरची. हे ओळखता आलं की निम्मी शोधाशोध वाचते.

टॅबप्रेमी:
मेक १९७६ पासून आहे, आणखी महिनाभर थांबेल :) एका फाईलसाठी नकोच. तीन-चार फाईली झाल्या की '-सी' लावून प्रत्येकीची ऑब्जेक्ट फाईल (कंपाईल झालेली पण अजून न जोडलेली) करायला शिका, मग मेकफाईल आपसूक कळते. त्यात कमांडच्या ओळीआधी टॅब लागतो, स्पेस चालत नाहीत.

अर्धविराम:
अजून एक. प्रोग्रॅमचं नाव 'टेस्ट' ठेवू नका. त्याच नावाची कमांड शेलमध्ये (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आधीच असते. नुसतं 'टेस्ट' टाइप केलं तर ती चालते आणि काहीच छापत नाही. आपला प्रोग्रॅम चालवताना नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ हवीच.

नवा_कर्सर:
'-एलएम' शेवटी टाकलं, चाललं! आभार. '-सी'चा प्रयोग आता करतो, अडलो तर इथेच विचारेन.