मदत हवी आहे: कलाशिक्षकाचा पुरस्कार प्रस्ताव

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचं नाव राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी द्यायचं आहे. 2018 पासून शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज भरायचा असतो, आणि सर म्हणतात, "स्वतःचं कौतुक मी कसं लिहू?" म्हणून मी त्यांची सहकारी म्हणून कामाला लागले आहे.

अडचण पुराव्यांची आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचे निकाल शाळेत आहेत. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला 7 गुण वाढतात, त्यामुळे पालकांना तेवढंच दिसतं. पण सरांचं खरं काम वेगळंच! मुलं करवंटीत गेरू कालवतात, बांबूच्या काडीचं टोक ठेचून ब्रश करतात. एक मुलगा वर्गात बोलायचाच नाही. आता स्मरणचित्रात आठवडी बाजार काढतो तर तराजूची दांडीसुद्धा एका बाजूला कललेली असते. हे अर्जात कसं मांडायचं? आणि जुने फोटो तर सरांच्या फुटलेल्या मोबाईलबरोबरच गेले.

कुणी कलाशिक्षकाचा असा अर्ज भरला आहे का? अर्जासोबतच्या व्हिडिओत मुलांचं काम दाखवलंत की शिक्षकाचं बोलणं? राज्य पुरस्काराचा अनुभव असला तरी सांगा.