कोल्हापुरात जानेवारीअखेर चार दिवसांचा कलामहोत्सव: तारखा, सभागृह, दिवे, चित्रं

प्रश्न | राजारामपुरीकर

आमच्या हौशी संस्थेतर्फे ३० जानेवारी ते २ फेब्रुवारी असा चार दिवसांचा महोत्सव घ्यायचा आहे. एक दोन अंकी नाटक, एका संध्याकाळी तीन एकांकिका, एक शास्त्रीय गायनाची बैठक आणि चारही दिवस चित्र-शिल्प प्रदर्शन. चित्रं चाळीस आहेत. बहुतेक तीन फूट रुंद, तैलरंग आणि जलरंग दोन्ही. त्याशिवाय फायबरची सहा शिल्पं. नाटकाला समोरून आणि बाजूने मिळून एक हजार वॉटचे सोळा हॅलोजन दिवे लागतील, असं प्रकाशयोजनाकार म्हणतो.

चित्रं नाट्यगृहाच्या लॉबीतच लावली तर वेगळं भाडं वाचेल, असा विचार आहे. सभागृह कोणतं घ्यावं, कार्यक्रमांचा क्रम कसा ठेवावा, लाईटचा लोड आणि जनरेटर किती धरावा? चित्रं लावायचा अनुभव आमच्यापैकी कुणालाच नाही, त्यामुळे त्याबद्दल सविस्तर सांगितलंत तर उपकार होतील.

उत्तर | विंगेतला

ताई, आधी तारखा बदला. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी अंबाबाईचा किरणोत्सव असतो. सूर्याची किरणं मावळतीला देवीच्या मूर्तीपर्यंत येतात, म्हणजे तुमचा प्रेक्षक घरातून निघायच्या वेळेलाच महाद्वार, भाऊसिंगजी रोड, बिंदू चौक हा सगळा पट्टा भरलेला असतो. पार्किंग मिळत नाही आणि माणूस पहिल्या अंकाच्या मध्यावर आत येतो. एक आठवडा अलीकडे या, पण २६ जानेवारी टाळून. जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं असल्यामुळे सभागृहांची दिवसाची सत्रं आधीच गेलेली असतात. तुम्हाला नुसतं संध्याकाळचं सत्र मिळून भागणार नाही, त्याचं कारण पुढे येईलच. डिसेंबरच्या मध्यापर्यंत शहरातले हौशी संघ राज्य नाट्य स्पर्धेत अडकलेले असतात, तेव्हा नट आणि तंत्रज्ञ दोन्ही मिळणं अवघड. आपल्याकडे खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि परीक्षांच्या आधी संपतो. त्यातला सगळ्यात मोकळा काळ जानेवारीचा मधला पंधरवडा, असं माझं मत.

सभागृहाबद्दल. केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ ला आग लागली, तेव्हापासून शहरातल्या प्रत्येक संघाचं गणित बदललं. तिथली तारीख गृहीत धरण्याआधी महापालिकेत जाऊन रंगमंचाची, विजेची सध्याची स्थिती विचारा आणि जुन्या प्रयोगांची मापं वापरू नका. कोणतंही सभागृह घ्या, नेपथ्यकाराला टेप घेऊन तिथे पाठवा. दर्शनी रुंदी, खोली, विंगेतली मोकळी जागा, लाईट बारची उंची आणि सामान आत न्यायच्या दाराची रुंदी, एवढी पाच मापं हवीतच. शेवटचं माप हमखास विसरतं. मग आठ बाय चारचा फ्लॅट, म्हणजे सेटची उभी चौकट, जिन्याच्या वळणावर अडकतो आणि तिथेच करवत काढावी लागते.

आता लोड. हजार वॉटचा एक दिवा २३० व्होल्टला साधारण ४.३ अँपिअर ओढतो. सोळा दिवे म्हणजे सोळा किलोवॉट, सिंगल फेजवर जवळपास ७० अँपिअर. एमसीबी टिकणार नाही. थ्री फेज घ्या आणि तिन्ही फेजवर सारखं वाटा, म्हणजे फेजला २३ च्या आसपास येतं. साऊंडला मात्र डिमरच्या, म्हणजे दिवे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या, लाईनवर कधीही घेऊ नका. दिवा अर्ध्यावर आला की डिमर वीज तुकड्या-तुकड्यानं सोडतो आणि तीच गुरगुर स्पीकरमधून ऐकू येते. हळव्या प्रसंगात दिवे मंद असतात, म्हणजे गुरगुर नेमकी तेव्हाच जास्त. दिवे सोळा, साऊंड आणि किरकोळ तीन, असे एकोणीस किलोवॉट होतात. २५ केव्हीएचा जनरेटर जेमतेम वीस किलोवॉट देतो, त्यात श्वास घ्यायला जागा नाही. ३० चा सांगा.

खर्चासाठी एलईडी पार (डब्यासारखे रंगमंचाचे दिवे) घेणार असाल तर पार्श्वभूमी आणि रंगांसाठी खुशाल घ्या, पण चेहऱ्यावर समोरून लाल-हिरवा-निळा मिसळून पांढरा करू नका. कातडी मेलेली दिसते. समोर हॅलोजन किंवा वॉर्म व्हाईट एलईडीच. एलईडी डिमरच्या चॅनेलला जोडायचा नाही, आतलं सर्किट जातं. त्याला थेट वीज आणि बोर्डाकडून हुकूम नेणारी वेगळी डीएमएक्स केबल. साखळीतल्या शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर लावायचा. तो नसला की दिवे मध्येच आपोआप लुकलुकतात आणि सगळे लाईटच्या बोर्डाला दोष देत बसतात.

दिवसाचा क्रम असा ठेवा: आधी सेट, मग दिवे टांगणं, मग फोकस, मग साऊंड, मग तांत्रिक तालीम. सेट उभा राहायच्या आधी केलेला फोकस पूर्ण वाया जातो, कारण सोफा दोन फूट सरकला की नटाचा चेहरा अंधारात. सेटला तीन तास, टांगायला दोन, फोकसला एक आणि वर तालीम. म्हणून नाटकाच्या दिवशी सकाळचं सत्रही भाड्यानं घ्यावंच लागतं. महोत्सवात पहिल्या दिवशी गाणं ठेवा, सेट लागत नाही. दुसऱ्या दिवशी एकांकिका, तिन्हींना समाईक काळे पडदे आणि दीड फूट उंचीच्या चार बाय चारच्या सहा लेव्हल्स, म्हणजे लाकडी चौथरे. दोन अंकी शेवटी, म्हणजे उतरवायची घाई उरत नाही. आणि विंगेत दोन्ही बाजूंना एबीसी पावडरचा एकेक अग्निशामक, भरल्याची तारीख वाचून. सेटवर समई पेटवायची असेल तर एलईडीची वात वापरा. एवढं तरी या शहरातल्या रंगकर्मींनी आता पाळलंच पाहिजे.

उत्तर | भिंतआणिखिळा

लॉबीत चित्रं लावू नका. मध्यंतराच्या दहा मिनिटांत चहाचा कप हातात घेतलेली दोनशे माणसं तिथे उभी असतात, खांदे फ्रेमला घासतात आणि नाटक सुरू झालं की तिथले दिवे मालवले जातात. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात सभागृह आणि कलादालन एकाच इमारतीत आहेत, तिथे दोन्ही मिळतंय का ते पहिल्यांदा बघा. ज्या गावात आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटरांनी काम केलं, तिथला माणूस चित्र जवळ जाऊन बघतो. त्याला तेवढी जागा आणि उजेड द्या.

भिंत किती लागेल? तीन फुटी चित्र आणि दोन चित्रांत दीड फूट, म्हणजे चित्रामागे साडेचार फूट. चाळीस चित्रांना १८० फूट सलग भिंत लागते, दारं, खिडक्या, स्विचबोर्ड वगळून. १२० फूटच मिळाली तर सव्वीस बसतील. तेव्हा निवड करा, दाटी करू नका. लहान जलरंग दोन ओळींत चालतात, मधे सहा ते आठ इंच ठेवून. मोठी तैलचित्रं एकाच ओळीत.

उंची. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर, म्हणजे ५७ इंचांवर. वरची कड सरळ रेषेत आणायचा मोह होतो, तसं करू नका, लहान चित्रं छताकडे गेल्यासारखी दिसतात. खिळ्याचा हिशेब: ५७ अधिक चित्राची निम्मी उंची, वजा ताणलेली तार वरच्या कडेपासून जितकी खाली येते तेवढं. चित्र ३६ इंच उंच आणि तार ४ इंच खाली असेल तर ५७ + १८ - ४ = ७१ इंच. प्रत्येक चित्राच्या मागे हा आकडा पेन्सिलीने आधीच लिहून ठेवा. मग दोन माणसं चाळीस चित्रं अर्ध्या दिवसात लावतात. एका खिळ्यापेक्षा दोन हूक चांगले, शेजारचं दार आपटलं तरी चित्र तिरकं होत नाही. दालनात वरून रेल असेल तर डी-रिंग (तार अडकवायची कडी) फ्रेमच्या वरच्या कडेजवळ घ्या. रिंग खाली असली की चित्र पुढे झुकतं आणि काचेत बघणाऱ्याचाच चेहरा दिसतो.

दिवा चित्राकडे उभ्या रेषेपासून तीस अंशांतून यावा. छत दहा फूट असेल तर भिंतीपासून साधारण तीन फुटांवर. त्याहून जवळ आणलात तर जाड रंगाचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो, लांब नेलात तर काच चकाकते. एलईडीचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) नव्वदच्या वर मागा, नाहीतर लाल आणि कातडीचे रंग मरतात. तैलरंगाला २०० लक्सपर्यंत उजेड चालतो. जलरंगाला ५० पुरे, त्यांना खिडकीसमोरची भिंत देऊ नका.

वाहतूक हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. जवसाचं तेल वापरलेला रंग वरून कोरडा वाटला तरी जाड थर आत महिनोन्महिने ओला असतो. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला तर फुगे चित्रावर उमटतात आणि ते जात नाहीत. आधी ग्लासिन (गुळगुळीत पातळ कागद) किंवा बटर पेपर, मग पुठ्ठा, मग बबल रॅप. टेम्पोत चित्रं आडवी रचायची नाहीत. उभी, रंगाला रंग न लावता, मधे थर्माकोल. नोव्हेंबर-डिसेंबरात केलेल्या कामाला घाईने व्हार्निश मारू नका, किमान सहा महिने जाऊ द्या. जलरंग पावसाळ्यातले असतील तर फ्रेम उघडून मागचा पुठ्ठा बघा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमटीत बुरशी तिथूनच सुरू होते.

फायबरची शिल्पं हलकी असतात, पोरांच्या धक्क्यानं पडतात. चौथऱ्याच्या आत वाळूची पोती टाका, उंची तीन ते साडेतीन फूट, भोवती तीन फूट मोकळं.

आणि रोज संध्याकाळी एक प्रात्यक्षिक ठेवाच. व्यक्तिचित्र, १८ बाय २४ इंच, अडीच तास. मॉडेलला पंचवीस मिनिटं बसवून पाच मिनिटं विश्रांती, पायाची जागा टेपने आखून, दिवा एकच, एका बाजूने वरून. विश्रांतीनंतर मॉडेल जरा जरी वेगळं बसलं तरी नाकाची सावली सरकते आणि चित्रकाराचा अर्धा तास जातो. कलानिकेतन आणि दळवीज या कलासंस्थांच्या विद्यार्थ्यांना आवर्जून बोलवा. कोल्हापुरात प्रात्यक्षिकाला गर्दी होते आणि तीच गर्दी नंतर भिंतीकडे वळते.

प्रश्नकर्ती | राजारामपुरीकर

दोघांचेही मनापासून आभार. तारखा एक आठवडा अलीकडे घेतो आणि लॉबीचा विचार सोडला. गाण्याच्या बैठकीसाठीही हेच सभागृह वापरावं की वेगळं? गायिका आहेत, सोबत तबला, संवादिनी, दोन तानपुरे.

उत्तर | जवारी

शक्य असेल तर वेगळं. गायन समाज देवल क्लब १८८३ पासून याच कामासाठी उभा आहे, खासबागेजवळच्या त्यांच्या वास्तूतलं गोविंदराव टेंबे रंगमंदिर मिळालं तर नाटकाच्या सभागृहावरचा ताणही एक दिवस कमी होईल. अल्लादियाँ खाँसाहेबांच्या या गावात बैठकीचा जाणता श्रोता अजून आहे. त्याला मोठा आवाज नको, स्वच्छ सूर हवा.

गायिकेचा सूर आत्ताच विचारून तबलजी आणि संवादिनीवाल्याला कळवा. काळी एक पट्टीचा तबला काळी पाचला चढवत बसलं तर पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, फाटते. मंच एक फूट उंच, बारा बाय आठ, गादी घट्ट. मऊ गादीवर तानपुरा डोलतो.

दिवे अर्धा तास आधी लावा आणि त्या उजेडात जुळवा. दिव्यांच्या उष्णतेनं तानपुऱ्याच्या तारा सैल होऊन उतरतात, तबल्याची पुडी सुकून चढते. दोन्ही उलट दिशेला जातात, म्हणून थंड मंचावर जुळवलेलं पहिल्या वीस मिनिटांत बेसूर होतं. पंखा तबल्यावर थेट नको.

माईक पाच पुरतात: गायिकेला एक, तबल्याला दोन, संवादिनीला एक, तानपुऱ्याला एक. स्पीकर कलाकारांच्या रेषेच्या पुढे उभे करा, नाहीतर शिट्टी. डग्ग्याचा घुमारा सभागृहभर पसरत असेल तर २०० ते ३०० हर्ट्झ थोडं कापायला सांगा. कृत्रिम घुमाव पूर्ण बंद. आकाराची तान त्यात चिखल होते.

आणखी एक विनंती. बैठक सकाळी घ्या. सगळे महोत्सव संध्याकाळचे झाल्यामुळे ललत, तोडी, देसकार समोर बसून ऐकायलाच मिळत नाहीत. जानेवारीत सातला सुरू करा, वाद्यं तासभर आधी पिशवीतून काढून ठेवा.

उत्तर | विंगेतला

सकाळच्या बैठकीला माझाही पाठिंबा. म्हणजे पहिल्या दिवशी संध्याकाळी सभागृह मोकळं राहतं, एकांकिकांचे दिवे तेव्हाच टांगून घ्या.

कागदपत्रांचं राहिलं. चारही संहितांना रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. एखादी संहिता आधी स्पर्धेत झाली असेल तर ते असेल, प्रत मागून घ्या. लेखकाची लेखी परवानगी आणि प्रयोगाचं मानधन वेगळं. लेखक हयात नसले तरी निधनानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो. तिकीट ५०० रुपयांपर्यंत ठेवलंत तर नाटकाला जीएसटी नाही. ज्या पोलीस ठाण्याची हद्द आहे तिथे अर्ज द्या. बाहेर अंगणात उद्‌घाटनाला स्पीकर लावणार असाल तर रात्री दहाला बंद, बंदिस्त सभागृहाला ते बंधन नाही. जनरेटरची केबल प्रेक्षकांच्या वाटेवरून जात असेल तर ती वरून न्या किंवा रबरी रॅम्पखालून, आणि डिझेल किती आहे ते पहिल्या घंटेआधी स्वतः जाऊन बघा.