क्लचचं फ्लुइड आपोआप कमी होत नाही

“फ्लुइड थोडं कमी झालं असेल, टॉप-अप करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ब्लीड करा,” असा सल्ला एकाने बाइकचा क्लच लिव्हर मऊ पडल्याच्या प्रश्नावर दिलाय. ब्लीडिंगबद्दल, म्हणजे फ्लुइडमधली हवा बाहेर काढण्याबद्दल सहमत, टॉप-अपबद्दल अजिबात नाही. ब्रेकचे पॅड झिजले की पातळी उतरते. हायड्रॉलिक क्लचमध्ये, म्हणजे केबलऐवजी फ्लुइडच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये, बहुतेक उलटं होतं. प्लेटा झिजतात तसा स्लेव्हचा (इंजिनपाशी क्लच ढकलणाऱ्या सिलिंडरचा) पिस्टन मागे सरकतो आणि फ्लुइड वर लिव्हरपाशच्या फ्लुइडच्या डबीत परततं. म्हणजे पातळी उतरली तर कुठेतरी गळतंय, हे धरूनच चाला.

माझी गाडी गुहागरला घरीच असते, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यानंतर लिव्हर लिबलिबीत झाला, न्यूट्रल पडेना. तीनदा ब्लीड केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी स्लेव्ह खोलला, तर डस्ट सीलखाली पांढरी भुकटी साचलेली आणि पिस्टनवर नखाला लागतील असे खड्डे. खारी हवा अशी आत शिरते. पिस्टन आणि सील बदलल्यावरच प्रश्न मिटला.

भरताना सिरिंजने स्लेव्हवरच्या ब्लीड निप्पलमधून हळूहळू वर ढकला, हवेला तसंही वरच जायचं असतं. तरी लिव्हर मऊ राहिला तर मास्टरच्या (लिव्हरपाशच्या सिलिंडरच्या) बँजो बोल्टपाशी, म्हणजे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी, बुडबुडा अडकलाय का बघा. आणि आधी फ्लुइडच्या डबीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा: डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा प्रकार) की मिनरल ऑइल. चुकीचं घातलंत तर सगळी सीलं फुगून जातील. डॉट ४ पेट्रोलच्या टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उतरतो.