भाचीला ॲक्टिव्हा आत्ताच द्यायची की अठरा होऊ द्यायचे?

यावलकडचा मामा:
राम राम मंडळी. भाची आमच्याकडेच राहते, बारावीला आहे, अठरा व्हायला अजून पाच महिने. कॉलेज फैजपूरला, सकाळची बस भरून येते मग पोरगी फाट्यावर उभी. दाजी म्हणता घरी ॲक्टिव्हा पडूनच आहे, देऊन टाक, सगळ्यांची पोरं चालवता. कोणी म्हणतं सोळाला पण लायसन निघतं. मला घोर लागलाय कारण तो बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता, त्यात केळीचे ट्रक. नियम काय आणि तिला शिकवायचं कसं?

एमएच१९_भाऊ:
सोळाचं निघतं भो, पण ५० सीसीपर्यंतच्या बिनागिअर गाडीचं. ॲक्टिव्हा त्यात बसत नाही. २०१९ पासून कायदा लई कडक झालाय, अल्पवयीन पोराने गुन्हा केला तर पालकाला नाहीतर गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि पोरीला २५ वय होईपर्यंत लर्निंगसुद्धा नाही. पाच महिन्यांपायी तिची सात वर्षं जातील, दाजींना हे समोर बसवून सांगा. वरून कोणाला धडक बसली तर विमा कंपनी भरलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकते.

सावद्याची ताई:
तोवर मळ्यात शिकवा ना मामा, रस्त्यावर नाही. पहाटे, ऊन चढायच्या आत. आधी नुसता ब्रेक, दोन्ही सोबत दाबायची सवय, मग हळू चालवून वळण, कारण गाडी पळवता सगळ्यांनाच येते, हळू चालवताना तोल जातो. आणि तिला मागे बसवून फैजपूरपर्यंत न्या, दाखवा की भरलेल्या ट्रकच्या अगदी मागे चालायचं नाही, त्याच्या आरशात आपण दिसत नाही, रात्री उसाच्या ट्रॉलीला मागे लाईट नसतो. हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कोणी सांगत नाही. हेल्मेट तिच्या मापाचं घ्या, वडलांचं ढिलं नको.

चोपडेकर:
अठरा झाले की सारथी पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या लायसनच्या वेबसाइटवर, आधारने घरूनच लर्निंगची परीक्षा देता येते, मोबाईल आधारला जोडलेला पाहिजे. चिन्हं पाठ करून घ्या. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्या लायसनची टेस्ट ३० दिवसांनंतर. गिअरवाल्या दुचाकीचंच काढा, त्यावर स्कूटी पण चालते, आणि त्याच अर्जात कार पण टाका. लर्निंगवर एल लावायचा दोन्हीकडून, मैत्रिणीला मागे बसवायचं नाही.

यावलकडचा मामा:
दाजींना सगळं वाचून दाखवलं, पंचविसाव्या वर्षाचं ऐकून गप्पच झाले. चावी माझ्याकडे ठेवलीय. भाची थोडी रुसलीय पण रविवारी मळ्यात नेतो म्हटलं तर लगेच तयार. सकाळच्या जादा बससाठी डेपोत अर्ज देतोय, ह्या रस्त्याने फैजपूरला जाणारी कोणाची पोरं असतील तर सह्या द्या.